तिसऱ्या पानावरची कोरी जागा

“साहेब, वय झालं. ध्यानात राहत न्हाई आता काही.”

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. बाहेरच्या खोलीत रशीदचाचा पप्पांशी बोलत होते आणि त्यांचं हे वाक्य मला ऐकू आलं. ते अगदी हळू बोलले होते, तक्रार केल्यासारखं नाही, एखादी चावी हरवल्याचं सांगावं तसं. थोडा चहा ओट्यावर सांडला. तो पुसायचंही मला सुचलं नाही.

ते वाक्य चाचांचं नव्हतं. कुणाचं होतं ते सांगणार आहे — पण लगेच जमणार नाही मला. जरा थांबा.

जे लिहिते आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्या खोलीत जाऊन मी दोन-चार वाक्यं बोलले, तेवढीच. बाकीचं आतच राहिलं. मी मुळातच कमी बोलते, आणि लोकांना वाटतं कमी बोलणारी मुलगी खोटंही कमीच बोलत असेल. तुम्हालाही तसंच वाटतं का?

पप्पांचा डावा पाय पोलिओने लहानपणीच बारीक झाला. क्लच दाबण्याइतका जोर त्यात नाही. माझ्या जन्माच्याही आधी शहागडच्या रशीदचाचांनी त्यांच्या स्कूटरला मागे दोन जादा चाकं बसवून दिली होती. हायवेवर चाचांचं गॅरेज, सगळं काम ट्रकचं. पण अंबडहून आलेल्या या लाजऱ्या कारकुनासाठी त्यांनी आठवडाभर खपून ती चाकं केली. तेव्हापासूनची त्यांची ओळख. पुढे पप्पांनी एक जुनी, उंच, ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लचच नाही. डाव्या पायाने नुसतं बसून राहायचं. दर रविवारी ते त्या गाडीने कुंभार पिंपळगावला आत्याकडे जायचे. “गाडीत बसले की पप्पा लंगडत नाहीत,” असं मी लहानपणी म्हटलं होतं म्हणे. सगळे हसले होते. पप्पा हसले नव्हते, त्यांनी मला जवळ घेतलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला. अंकुशनगरच्या रस्त्याला उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे तासन्‌तास सरपटत जावं लागतं, त्यात आतलं तेल जळालं. इंजिन ओरडायचं, गाडी हलायची नाही. आमच्याकडे ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स कुणी उघडत नाही. मग मी पुण्यातलं एक दुकान शोधून काढलं. तिथे दुसरं कामच नाही: जुने गिअरबॉक्स पूर्ण उघडायचे, झिजलेलं सगळं बदलायचं आणि पुन्हा बांधायचे. त्यात एक साधा प्रकार होता आणि एक दणकट, जादा चकत्या घातलेला, तेलाचा दाब वाढवलेला. शर्यतीत गाड्या पळवणारे तो नेतात. पप्पांनी दणकट घ्यायचं ठरवलं. आत्या फोनवर म्हणाली, आता काय शर्यत लावतो का रे म्हातारपणी? पप्पा म्हणाले, हो, ट्रॉलीच्या मागे उभं राहायची.

दुकानाशी सगळा पत्रव्यवहार मी केला. इंग्रजीत, मेलवर. फार छान जमलं मला ते. समोर माणूस नसला की मला सगळंच छान जमतं.

बसवायचं काम चाचांनीच करावं, हा पप्पांचा हट्ट. चाचा आधी नको म्हणाले, ऑटोमॅटिकला आपण कधी हात लावला नाही म्हणाले. पण सोबत कागद येणार होते, चार पानं, एकेक पायरी लिहिलेली. ती इंग्रजीत होती. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बेटा वाचंल, मी करतो. मंग काय भ्यायचं?”

लाकडी खोक्यातून तो गिअरबॉक्स आला. तोंडांना लाल टोप्या लावलेल्या, आणि प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ — म्हणजे हा आवळला, हा तपासला. चाचा त्या रेघांकडे किती तरी वेळ बघत बसले. ज्यानं हे बांधलं तो माणूस इमानदार आहे, म्हणाले. मग त्यांनी कानावर एक पेन्सिल अडकवली. आपणही तसंच करायचं: मी एक परिच्छेद वाचून सांगायचा, त्यांनी ते काम करायचं, आणि झालं की कागदावर त्या परिच्छेदाशेजारी बरोबरची खूण करायची. खूण करण्याआधी ते दर वेळी हात धुवायचे. दर वेळी. भुसा आणि धुण्याची पावडर घेऊन, कोपरापर्यंत. कागदाला डाग पडू नये म्हणून.

मी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून वाचत होते. समोर बाजेवर दोन-तीन ड्रायव्हर गाड्या दुरुस्त होण्याची वाट बघत लवंडलेले. एक मुलगी ट्रकच्या गॅरेजात मोठ्याने इंग्रजी वाचते आहे, ही त्यांच्यासाठी गंमतच होती. दुसऱ्या पानावर मी एका शब्दाला अडले. बाजेवरून आवाज आला, “चाचा, मॅडम अटकली. इंग्लिशचा पण गिअरबॉक्स गेला का काय?” सगळे हसले. मीही हसले. चाचांनी त्याला दटावलं. पण माझे कान तापले ते तापलेच. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी घरात माझं कौतुक झालं — पोरगी इंग्रजी शाळेत शिकली — तीच सगळ्यांसमोर उघडी पडली, असं मला वाटलं.

आणि मग तिसरं पान.

मधोमध एक सात ओळींचा परिच्छेद होता. आज मी तो एका वाक्यात सांगू शकते: नव्या गिअरबॉक्समध्ये तेल भरण्याआधी, ते थंड करणारा जुना कूलर आणि त्याच्या नळ्या आतून धुऊन काढा, नाहीतर जुन्या गिअरबॉक्सचा जळका गाळ नव्यात जाईल. त्या दिवशी मात्र मला नुसत्या सात ओळी दिसल्या. कुठली नळी, कुठल्या दिशेने, किती दाब. शब्द सगळे ओळखीचे होते. ते कशाबद्दल बोलताहेत ते कळत नव्हतं. काय अवघड होतं हो? “चाचा, हे मला कळत नाही, जरा बघा,” एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी मला गाडीखाली डोकावायला लावलं असतं, बोटाने दाखवलं असतं, आणि दोघांनी मिळून अर्थ लावला असता.

चाचांनी गाडीखालून मान बाहेर काढली. बाजेवरचा तो ड्रायव्हरही माझ्याकडेच बघत होता. मी बोट त्या सात ओळींवरून खाली सरकवलं आणि म्हणाले, आता तेल भरायचं.

विसरले असते तर हे लिहावंच लागलं नसतं. मी विसरले नव्हते. चाचांनी तेल भरलं, हात धुतले, आणि मी बोट ठेवलं होतं तिथे खूण केली. वरची जागा कोरी राहिली. ती मला दिसली. मी पान उलटलं.

गाडी चालली, सुरेख चालली. पप्पांनी आम्हा दोघांना बसवून गोदावरीच्या पुलावरून पार नेलं आणि परत आणलं. पुलावर त्यांनी उगाच एकदा जोरात पाय दाबला. गाडी अशी झेपावली की मागे बसलेल्या चाचांची टोपी पडली, आणि पप्पा लहान मुलासारखे हसले. मला तो दिवस फार आवडतो. अजूनही. आवडायला नको, नाही का?

दीड महिन्याने त्याच पुलावर गाडी बंद पडली. आत सगळं जळलं होतं. पप्पा कठड्याला टेकून उभे, मागे ट्रकचे हॉर्न. कुणीतरी गॅरेजात सांगितलं तेव्हा चाचा स्वतः धावत आले, आणि त्या वयात त्यांनी गाडीला खांदा लावला.

दुकानाला मीच कळवलं. त्या माणसाचा फोन मला आला. चांगला होता बिचारा, त्याने एकच प्रश्न विचारला — कूलर धुतला होता का? मी म्हणाले, मेकॅनिकला विचारून सांगते. विचारलं नाही. मेलमध्ये ती चार पानं होतीच. ती उघडली, तिसरं पान पुन्हा वाचलं, कूलर म्हणजे काय ते फोनवर बघितलं. दहा मिनिटांत सगळं कळलं मला. दहा मिनिटं.

पप्पा दारात उभे होते. काय म्हणाले ते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बसवताना काहीतरी राहिलं म्हणतात. पप्पा म्हणाले, रशीदकडून? असं कधी झालं नाही.

आणि मी म्हणाले — हेच ते वाक्य — मी म्हणाले, वय झालंय ना पप्पा त्यांचं. ध्यानात नसेल राहिलं.

कुणी मला हे बोलायला लावलं नव्हतं. गप्प राहिले असते तरी भागलं असतं. गप्प राहणं तर मला येतंच. पण मी बोलले, आणि किती सहज बोलले. काळजीच्या सुरात बोलले.

पप्पांनी ते चाचांना कसं सांगितलं, मला माहीत नाही. रागाने नक्कीच नाही; पप्पांना राग येतच नाही. गाडी ट्रकवर चढवून पुण्याला गेली, आठ महिन्यांनी नीट होऊन आली. ते आठ महिने पप्पा एसटीने जायचे. डावा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवताना मी त्यांना बघितलं आहे. पुढे गाडी आली, पण शहागडला थांबणं बंद झालं. पप्पांना चाचांना अवघडून टाकायचं नव्हतं. चाचांना पप्पांना तोंड दाखवायचं नव्हतं. दोघंही एकमेकांना जपत होते, आणि त्या जपण्यात दोन वर्षं भेटले नाहीत.

मधून मधून कानावर यायचं. चाचा आता इंजिन खोलत नाहीत. प्रत्येक बोल्ट दोनदा बघतात, म्हणून काम लांबतं. मुलगा म्हणतो, अब्बा, आता घरी बसा. मी ऐकायचे आणि जेवत राहायचे.

मागच्या महिन्यात ते आले. गॅरेज मुलाच्या हाती देऊन राह्यलो, म्हणाले. आवरताना तुमचे हे कागद सापडले, द्यायला आलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न पडता ठेवलेली चार पानं. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती टीपॉयवर पसरलेली होती.

चाचांनी मला बसायला सांगितलं. खिशातून रुमाल काढून हात पुसले, स्वच्छच होते तरी पुसले, आणि तिसऱ्या पानावर त्या सात ओळींशेजारी बोट ठेवलं. वर खूण, खाली खूण. मध्ये कोरं.

“बेटा, एवढ्या एकाच जागी खूण न्हाई,” ते म्हणाले. “तू तर वाचलं असशील बराबर. माझ्याच ध्यानातून गेलं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं असतं मी, पण म्हटलं, तुझ्याच आवाजात ऐकलं तर आठवंल. काय विसरलो ते कळलं की मी मोकळा.”

पप्पा खिडकीबाहेर बघत होते.

मी वाचलं. सातही ओळी, सावकाश, आधी इंग्रजीत, मग मराठीत. कुठली नळी, कुठली दिशा, किती दाब. या वेळी मी कुठेच अडले नाही.

चाचांनी डोळे मिटले होते. कपाळाला आठ्या घालून, ओठ हलवत, ते आठवत होते — ते स्टूल, ती बाज, माझा आवाज. जे कधी ऐकलंच नव्हतं, ते आठवायचा प्रयत्न करत होते. सापडत नव्हतं. त्यांनी मान हलवली, स्वतःवरच हसले, आणि पुन्हा डोळे मिटले. अजून एकदा बघू या, असं काहीतरी पुटपुटले.

मला कळलं नव्हतं, असं मी म्हणू शकत होते. ते खरंही होतं. सगळ्यांनी समजून घेतलं असतं. चाचांनी तर सगळ्यात आधी.

मी कागद खाली ठेवला.

“चाचा, आठवू नका. हे मी तुम्हाला वाचून दाखवलंच नव्हतं. मला दिसलं होतं, मी सोडून दिलं. आणि पप्पा — वय झालंय म्हणून तुम्हाला सांगितलं, तेव्हा मला हे माहीत होतं.”