सात वाजले नव्हते

नोएडातल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे नंबर लावून बसलो होतो. माझं हृदय मधूनच ताल सोडून धडधडतं. वर्षात चार वेळा झालं. मंडळाच्या गणपती मिरवणुकीत लेझीम खेळता येईल का, एवढंच मला विचारायचं होतं. मांडीवर वही होती. तीत नव्वद दिवसांच्या नाडीच्या नोंदी होत्या, सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या.

शेजारी एक पंजाबी बाई स्वेटर विणत होत्या. त्यांनाही हाच आजार, सहा वर्षांपासून. मधूनच सुया थांबवून त्या दोन बोटं मनगटावर ठेवत, मान डोलवत आणि पुन्हा विणू लागत. त्यांनी माझी वही चाळली.

"इसमें तो सब नॉर्मल है जी! गड़बड़ कब हुई, वो कहाँ है?"

"तब सात नहीं बजे थे," मी म्हणालो.

त्या इतक्या हसल्या की लोकरीचा गुंडा गडगडत गेला. "भाईसाहब, दिल की भी हाज़िरी लगाते हो?"

मग त्यांनी आपला कागद दाखवला. त्रास कधी झाला, किती वेळ टिकला, तेव्हा त्या काय करत होत्या, सगळं एका पानात. सर्वांत वर मोठ्या अक्षरांत: पोती की शादी में नाचना है.

मीही चारही वेळा आठवून लिहिल्या आणि वर लिहिलं, लेझीम.

त्या आधी आत गेल्या. बाहेर आल्या त्या हात उंचावून, भांगड्याची दोन पावलं टाकतच. नाव विचारायचं राहिलंच.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मला वीस मिनिटांची परवानगी दिली. घड्याळ लावून वीसच मिनिटं खेळलो. शेवटची दोन पावलं मात्र भांगड्याची टाकली.