चाकूची धार कोण नेतंय?

सकाळी स्वयंपाकघरात आली की सुमनमावशी आधी चाकू उचलून एक टोमॅटो कापायची. साल चटकन चिरली तर गप्प, चाकू घसरला तर फाटकापर्यंत ऐकू जायचं, "भाऊ, ह्यानं लोनी तरी कापंल का?"

बँकेतून निवृत्त होऊन मी कुसगावातलं घर पाहुण्यांसाठी उघडलं, तेव्हा स्वयंपाक तिनं घेतला आणि धार लावण्याचं खातं मी. महागडा दगड मागवला, व्हिडिओ पाहिले आणि आठवड्याभरात स्वतःला कारागीर समजू लागलो. धार लावली की पाहुण्यांसमोर कागद चिरून दाखवायचो. मग चाकू चामड्याच्या म्यानात घालून बेसिनखालच्या खणात ठेवायचो.

पावसाळ्यात पाहुणे शनिवार-रविवारपुरते; मी आणि मावशीही तेवढेच दोन दिवस यायचो. शनिवारी चाकू बाहेर काढावा, तर बोथट.

"कोनतरी वापरतंय," मावशी म्हणाली. मला ते लगेच पटलं. माझी धार कच्ची असण्यापेक्षा घरात चोर असणं सोयीचं होतं.

चोरही तिनंच ठरवला. आठवडाभर घरात एकटे असायचे ते बाग बघणारे नामाआबा. फाटकात, दूधवाल्यासमोर, तिनं विचारलं, "आबा, आमच्या चाकूनं वेली तोडता व्हय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं, जणू हवामान खात्यात नोकरीला होतो.

"म्या हात बी लावला न्हाई," आबा म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून यायचेच बंद झाले.

मावशीनं खणाला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला. शनिवारी कुलूप काढलं, तरी टोमॅटो चेंबला. मग मी भिंग आणलं. पात्याच्या कडेला बारीक तपकिरी ठिपके होते. म्यानात हात घातला, तर चामडं ओलसर. आमच्याकडच्या धुक्यात दुसरं काय होणार! नुकताच घासलेला दुसरा चाकू भिंगाखाली धरला, तर कडेला घासताना उठलेली, केसासारखी पातळ धातूची लव दिसली. कागद चिरायचा तो तिच्या जोरावर. म्यानात जाता-येता ती वाकून जायची. ती काढून टाकायची असते, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. शेवटपर्यंत मी पाहिला होता कुठे?

"म्हंजी चोर न्हाईच," म्हणत मावशी खुर्चीत बसली.

मी सुचवलं, पेढ्यांचा पुडा पाठवू, सोबत निरोप देऊ.

"दूधवाल्यापुढं बोलले मी. आता निरोप कशाला?"

ठेवणीतलं पातळ नेसून ती निघाली. आबांच्या ओट्यावर चार माणसं बसलेली पाहून मी पायरीशीच घुटमळलो. ती थेट पुढे गेली.

"आबा, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चाकू ओलीनं खराब झाला. तुमचा काय बी दोष न्हाई."

आबांनी सरकून तिला ओट्यावर जागा दिली. मग आत हाक मारली, "सूनबाय, च्या टाक. तिघांचा." तिसरा कप मी खाली मान घालून प्यालो.

सोमवारी आबा कामावर आले. चाकू आता पुसून, तेलाचा हात फिरवून भिंतीला टांगतो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी तयारी करून गेलो होतो: कष्टाळू, कर्तबगार, मायाळू वगैरे. लोक चुळबुळ करू लागले, तेव्हा खाली बसलो. नामाआबा जागेवरूनच म्हणाले, "लय भांडायची माज्याशी. पर पाठीमागं कदी बोलली न्हाई."