बदकाचा साचा

आधीच सांगते, मला राग आलेला आहे. आठ महिने झाले तरी तो उतरायचं नाव घेत नाही, त्यामुळे हे सगळं थंड डोक्याने सांगणं मला जमणार नाही. ज्याला थंड डोक्याच्या माणसाकडून ऐकायचंय त्याने माझ्या वहिनीकडे जावं. ती काहीच सांगणार नाही, हा भाग वेगळा.

वहिनीचं डोकंच काय, हातही बारा महिने गार. दादाशी लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. पहिल्याच दिवशी तिने माझा हात धरला आणि मी किंचाळलेच, "अगंबाई, हिला उलटा ताप आलाय का?" सगळे हसले. ती पण हसली आणि हात पदराखाली लपवला. पुढे कळलं की लोण्याला असेच हात लागतात. गरम हाताच्या माणसाने लोणी मळायला घेतलं की दोन मिनिटांत त्याचा चिकट लगदा होतो. माझे हात तसेच आहेत, रागीट माणसाचे.

तिचं लोणी म्हणजे घाईचं काम नाही. साय साठवायची, तिला चमचाभर जुनं ताक विरजण म्हणून लावायचं आणि भांडं झाकून न्हाणीघराच्या भिंतीशी, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पुरते चोवीस तास ठेवायचं. मग रवी. आधी मोहरीएवढे कण दिसतात, मग वाटाण्याएवढे, आणि तिथेच हात थांबवायचा. ताक निथळून काढायचं आणि लोणी गार पाण्यात धुवायचं, पुन्हा धुवायचं, निवळ पाणी येईपर्यंत. लोण्यात ताक राहिलं तर चौथ्या दिवशी वास मारतं. मग दोन लाकडी थाप्यांमध्ये दाबून उरलेला थेंबन् थेंब काढायचा, मीठ घालायचं आणि साच्यात भरायचं.

साचा दादाने केलेला. दादा सुतार. बोलण्यात शून्य, पण हातात कला. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने एका लाकडात वाटीएवढा खळगा कोरला आणि खळग्याच्या तळाशी एक बदक कोरलं, मान वळवून मागे बघणारं. कारण वहिनी घराबाहेर पडताना तीनदा मागे वळते. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, कडी लागली का. दादा म्हणाला, "हे तुझं चित्र." त्याने आयुष्यात केलेली ही एकमेव थट्टा. वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यानंतर सव्वीस वर्षं तिने त्या साच्याशिवाय लोणी घराबाहेर जाऊ दिलं नाही.

साचा पाण्यात राहायला हवा, एवढीच त्याची अट. आदल्या दिवसापासून मिठाच्या गार पाण्यात बुडवून ठेवायचा. लाकूड पोटभर पाणी प्यायलं की लोण्याला चिकटत नाही. उलटा करून एक टिचकी मारली की बदक अलगद ताटलीत उतरतं. कोरडा साचा असेल तर लोणी त्याला धरून बसतं. आमच्या घरात हे लहान पोरालाही माहीत.

आता वहिनीचं आयुष्य ऐका. लग्नाआधी ती डेअरीत कामाला होती, कॅन धुवायला. साय जास्त वेळ गार जागी विरजू द्यावी हे तिनेच तिथल्या साहेबाला सांगितलं. लोण्याची चव सुधारली आणि साहेबाला बढती मिळाली. वहिनी म्हणाली, "असू दे." आमच्या आईने तर कमालच केली. पाहुण्यांपुढे बदक ठेवायची आणि म्हणायची, "घरचंच आहे, मीच करते, आता होत नाही हो पूर्वीसारखं." वहिनी आतल्या खोलीतून ऐकायची. असू दे! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आणि आता खरं बोलायला बसलेच आहे तर माझंही सांगते. मी तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होते, बाया आपापले डबे उघडायच्या. मी एकदा लोणी नेलं. "कुणी केलं गं?" असं शेजारच्या मशीनवालीने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी." एकदा निघालं ते निघालं. पुढे सहा वर्षं दर महिन्याला मी त्यांच्यासाठी लोणी नेत होते आणि वाहवा घेत होते. वहिनीला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत आले.

तर तो बेकरीवाला. कोपऱ्यावरचं दुकान, आत पाच टेबलं. त्याचा पाव असा की फेकून मारला तर टेंगूळ यावं. पावणेचार वर्षांपूर्वी त्याने वहिनीकडून लोणी घ्यायला सुरुवात केली आणि दुकानाचं नशीब पालटलं. पाव तोच, पण वर लोणी! सकाळी बसायला जागा मिळेना. वहिनी खूश होती. "लोकांना आवडतंय गं," एवढंच म्हणायची. स्वतः कधी तिथे गेली नाही. पिशवी घेऊन मागच्या दाराने द्यायची आणि यायची.

एक दिवस मी गेले. आता मी घरीच शिवणकाम करते; एका गिऱ्हाइकाला माप द्यायचं होतं, ती म्हणाली तिथेच भेटू. आत शिरले तर भिंतीवर हा एवढा बोर्ड: "आमच्या आजीच्या हातचं लोणी." खाली चौकटीत त्याच्या आजीचा फोटो. आता ती आजी मी पाहिलेली होती. सिनेमाच्या थिएटरात तिकिटं फाडायची. झकास बाई, पण तिच्या घरी चहासुद्धा शेजारून यायचा! बशीत लोणी आलं, गुळगुळीत, वर काही नाही. चाटून बघितलं. आमच्या घरातलं लोणी मला कळणार नाही होय? मी उठून काउंटरमागे डोकावले. तिथला माणूस ओल्या सुरीने वहिनीच्या वड्यांवरचं बदक खरवडत होता. एकामागून एक. माना, पंख, चोची, सगळं एका वाडग्यात गोळा होत होतं.

मी तिथेच तोंड सोडणार होते. पण गिऱ्हाईक समोर बसलेलं. घरी आले आणि वहिनीवर बरसले.

"तुझं नाव पुसतोय तो! सुरीने!"

वहिनी थाप्या धूत होती. हातातली थापी तिने खाली ठेवली. "सगळी बदकं?"

"सगळी."

"उद्यापासून लोणी धुऊ नकोस," मीच पुढे म्हणाले. "ताक राहू दे आत. चौथ्या दिवशी वास सुटला की आजीची अब्रू जाईल चव्हाट्यावर."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या अंगावर थुंकले होते. "लोण्याने काय केलंय?" ती म्हणाली. आणि मग, अर्थात, "असू दे." पण त्या दिवशी ती हात पुसायला लागली ते पुसतच राहिली.

पंधरा दिवसांनी बेकरीवाला स्वतः घरी आला. हातात केकचा डबा, तोंडात साखर. "ताई, एक छोटं काम होतं. व्हिडिओवाले येणार आहेत. जुन्या पद्धतीचं लोणी दाखवायचंय. तुमचा तो साचा दोन दिवस द्या, आणि एक चांगला गोळा. तुम्ही यायचा त्रास घेऊ नका, उगाच गर्दी होईल."

दादा कोपऱ्यात रंधा घासत होता. त्याचा हात थांबला. मी दात आवळून बसले होते. आता तरी ही बोलेल, मला वाटलं. वहिनी उठली, पाण्याने भरलेल्या पातेल्यासकट साचा त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हा पाण्यातच राहू द्या. बाहेर काढू नका."

"हो हो हो," तो म्हणाला. तीनदा हो म्हणणारा माणूस ऐकत नसतो.

तो गेल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. वहिनी खिडकीतून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती. "माझा साचा आहे तो," ती अगदी हळू म्हणाली. सव्वीस वर्षांत तिच्या तोंडून 'माझा' मी पहिल्यांदा ऐकला.

म्हणून त्या सकाळी मी तिला ओढतच नेलं. दारात तीनदा मागे वळली, मी मोजलं. बेकरी भरलेली. दिवे लावलेले, कॅमेरा घेतलेली एक चुणचुणीत मुलगी, आणि आजीच्या फोटोला खास हार. आम्ही मागे पावाच्या कपाटाशी उभ्या राहिलो. टेबलावर साचा होता. पाणी नाही, पातेलं नाही. साचा खडखडीत कोरडा आणि वर चकाकत होता. महाराजांनी तो कॅमेऱ्यात छान दिसावा म्हणून पुसून, उन्हात वाळवून, बाहेरून तेलाचा हात फिरवला होता! वहिनीने माझं मनगट धरलं. तिचा हात नेहमीपेक्षाही गार होता.

"आमची आजी अशी भरायची," तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला आणि लोणी साच्यात कोंबलं. उलटा केला. टिचकी. काही नाही. पुन्हा टिचकी. मग टेबलावर आपटला. दिव्यांच्या उष्णतेने लोणी कडेने पाझरायला लागलं होतं, आतलं मात्र ढिम्म. कुणीतरी फिसकन हसलं.

"आजी कसं काढायच्या?" मुलीने विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

"आजी... असं," तो म्हणाला आणि त्याने सुरी उचलली.

"थांबा!"

मी ओरडले नव्हते. वहिनी ओरडली होती. पण सुरी आत गेली होती. कच्चकन आवाज झाला, लाकडाचा. लोण्याचा लपका बाहेर पडला आणि त्यात एक बारीक ढलपी होती.

वहिनी माणसांमधून वाट काढत पुढे गेली. त्याच्या हातातून साचा घेतला, बोटाने आत चाचपलं. बदकाच्या मानेवरून आडवा चर गेला होता. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "उकळतं पाणी द्या. मग गार पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ."

बेकरीवाला कॅमेऱ्याकडे बघून हसला. "ह्या आमच्याकडे मदतीला असतात."

मी तोंड उघडलं, पण माझी गरजच पडली नाही.

"नाही," वहिनी म्हणाली. "मी कुणाकडे मदतीला नसते. हे लोणी मी करते. तीन वर्षं इथलं सगळं लोणी मीच केलंय. त्याच्यावर बदक असतं, ते हे मागे खरवडतात." आवाज चढला नव्हता. "उकळतं पाणी घातलं तरी साचा भिजायला अर्धा तास लागेल. ज्यांना बघायचंय त्यांनी थांबा."

आणि लोक थांबले हो! अख्खी बेकरी अर्धा तास एका पातेल्याकडे बघत बसली. बेकरीवाला मध्येच आत निघून गेला. अर्ध्या तासाने वहिनीने उरलेलं लोणी त्या गार हातांनी बर्फाच्या पाण्यात घट्ट केलं, भरलं, उलटं केलं, टिचकी मारली. बदक उतरलं. साच्यात जिथे चर पडला होता तिथे लोण्यावर उंच रेघ उठली होती, मानेवर व्रण असावा तशी. वहिनीने साचा कोरडा न करता तसाच पदरात गुंडाळला आणि आम्ही निघालो.

आता लोक घरीच येतात लोणी घ्यायला. बेकरीवाल्याने बोर्ड उतरवला, पाव मूळपदावर आला, टेंगूळ येण्याइतका. पण झालं ते झालं म्हणणाऱ्यातली मी नाही. तो चर बघितला की अजून माझं रक्त उसळतं. दादा दोनदा म्हणाला, "नवा कोरतो." वहिनी म्हणाली, "नको. ही रेघ कुणाला कोरता यायची नाही."

गेल्या महिन्यात दारात एक बाई आली. ओळखीची वाटली. ती माझ्या शेजारची मशीनवाली होती! वीस वर्षांनी. वहिनी आत वड्या गुंडाळत होती. म्हटलं, आज बोलायचंच. मोठ्याने, आत ऐकू जाईल असं म्हणाले, "तेव्हा मी कारखान्यात लोणी आणायचे ना, ते मी करत नव्हते. वहिनी करायची."

"अगं, ते आम्हाला तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "तुझ्या वहिनीने एकदा डब्यात चिठ्ठी टाकली होती, 'कालच काढलंय, उन्हात ठेवू नकोस' म्हणून, खाली 'वहिनी' लिहून. आम्हीच वाचली आधी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी भडकले.

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो."

आतून वहिनी दोन वड्या घेऊन बाहेर आली. एक त्या बाईच्या हातात ठेवली, दुसरी माझ्या. तिचे हात नेहमीसारखेच गार होते. या वेळी ती 'असू दे' म्हणाली नाही.