काकूंचा उजवा खांदा

धुलाईखान्यात व्यायाम म्हणजे आचाऱ्याला जेवायला शिकवण्यातला प्रकार. दिवसभर ओल्या चादरींचे गठ्ठे उपसणाऱ्या माणसांनी रोज चहाआधी यंत्रं बंद करून हात वर, हात खाली करायचं, असं मालकांनी ठरवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. कामगारांची पाठदुखी, मानदुखी यानं जाणार म्हणे. पिळायच्या यंत्रावरचा पैलवान, ज्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत यायचं, म्हणाला की आम्ही काय इथे झोपा काढतो? व्यायाम शिकवायला आलेली मुलगी चिकाटीची. तिनं त्यालाच पहिल्या रांगेत उभं केलं.

काकू हसल्या नाहीत. चादरींच्या घड्या घालायच्या आपल्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी सांगितले तसे खांदे फिरवले, भिंतीला तळवे टेकून रेटा दिला आणि परत चादरींकडे वळल्या. हल्ली त्यांचं सगळंच असं होतं. जेव म्हटलं की जेवायच्या, झोप म्हटलं की आडव्या व्हायच्या. नवऱ्याला जाऊन फार दिवस झाले नव्हते, पण डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोकांचं काय, बाई सुटली म्हणायला ते मोकळे. लेकीनं एकदा गदागदा हलवून सांगितलं, आई, एकदाची रडून घे. काकूंनी प्रयत्नही करून पाहिला. आत काही नव्हतंच.

होता तो फक्त उजवा खांदा. नवरा लकव्यानं अंथरुणाला खिळला, त्याला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर करता करता तो खांदा कामातून गेला होता. पहाटे त्याची कूस बदलायची जी वेळ, नेमका तेव्हाच ठणकायचा. काकू उठून बसायच्या आणि रिकाम्या खाटेकडे बघत ठणका सोसायच्या. नवऱ्याचं म्हणून त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

व्यायामानं नेमकं तेच जायला लागलं. एके दिवशी जाग आली ती तोंडावर ऊन आल्यावर. खांदा गप्प होता. काकू घाबरल्या. आयुष्यात कधी अंगचोरी न केलेली ही बाई त्या दिवसापासून व्यायामात अंग चोरू लागली. हात अर्धाच वर न्यायचा, भिंतीला नुसता टेकवायचा. खांदा चांगला सुटत होता, मग आता काय झालं, असं व्यायामवाल्या मुलीनं विचारलं की म्हणायच्या, वय झालं.

मुलगीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं सगळं पाहिलं. पुढच्या खेपेला तिनं पायांच्या ताकदीचा व्यायाम काढला आणि जोड्या लावल्या. एकानं खुर्चीतून उठायचं, दुसऱ्यानं नुसता हाताचा आधार द्यायचा. काकूंच्या वाट्याला पैलवान आला. त्यानं गंमत म्हणून सगळं अंग सैल सोडलं आणि मान टाकली. उचला आता काकू, म्हणाला. सगळे हसले.

काकूंनी त्याची पावलं आपल्या पावलांनी अडवली, गुडघ्यांना गुडघे लावले, काखांतून हात घालून त्याला छातीशी घेतलं आणि उभं केलं. हसणं थांबलं. त्याचा शर्ट मागून वर गेला होता, तो त्यांनी ओढून नीट केला. मग आजारी माणसाची घेरी जाईपर्यंत थांबतात तशा त्याला धरून थांबल्या.

"काकू, सोडा," पैलवान हळूच म्हणाला. "मी उभा आहे."

"पडाल तुम्ही." एरवी त्या त्याला अरे-तुरे करायच्या.

"नाही पडत."

मुलगी धावत आली. एवढं वजन असं उचलतात का, म्हणत तिनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "दुखलं का?"

काकूंनी उजवा हात वर नेला. पूर्ण वर, जराही अंग न चोरता. एवढा गडी उचलला तरी खांद्यानं हूं की चूं केलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता उचलता येतं मला."

आणि टेबलावरची चादर तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या. यंत्रं सुरू करायची वेळ झाली तरी पैलवान त्यांच्याजवळून हलला नाही.