चुकलेल्या आठ ओळी

कॅरल तुस्कानोला लोकर विणायला शिकवलं ते नंदाखाल गावच्या शाळेतल्या एका सिस्टरने. वसईत लोकरीचं काय काम, असं घरातले सगळे तेव्हा म्हणायचे. नाताळच्या फेअरमध्ये तान्ह्या बाळांचे मोजे विकायला ठेवायचे, तेवढाच उपयोग. लग्न होऊन ती दुबईला आली आणि मरीना भागातल्या एका ऑफिसात ॲडमिनचं काम करू लागली, तेव्हा तिला कळलं की वाळवंटातही स्वेटर लागतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना आत एसी इतका गार, की बायका शाली गुंडाळून कीबोर्डवर बोटं चालवायच्या.

त्याच ऑफिसात बिर्गित्ता नावाची एक स्वीडिश बाई होती. कॅरलने विणलेला साधा निळा स्वेटर बघून ती एक दिवस थांबली, बाहीची शिवण उलटून पाहिली आणि म्हणाली, की तुझा हात चांगला आहे, तुला आमच्याकडचं काहीतरी शिकवते. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्याला बोहुस म्हणून भाग आहे. तिथे खाणीतलं दगडाचं काम बसलं तेव्हा कामगारांच्या बायकांनी घरी बसून स्वेटर विणून संसार सावरले. अंग आणि बाह्या एका रंगाच्या. सगळी कला गळ्याभोवती, खांद्यांवर उतरणाऱ्या गोलात. तिथे एकाच ओळीत दोन-दोन, तीन-तीन रंग चालतात, आणि सुलट्या टाक्यांमध्ये मधूनच एखादा उलटा टाका येतो. त्यामुळे एका रंगाचा धागा दुसऱ्या रंगावर पडतो आणि लांबून पाहिलं तर एक रंग कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला ते सांगता येत नाही.

त्याचे किट स्वीडनहून यायचे. हाताने रंगवलेल्या लोकरीच्या छोट्या छोट्या लड्या आणि चौकटींचा एक तक्ता. बिर्गित्ता निवृत्त होऊन परत गेली तोवर कॅरलचे दोन स्वेटर पूर्ण झाले होते. तिसरा किट तिने मुलीसाठी मागवला. तिची जीन जानेवारीत कॅनडाला शिकायला जाणार होती. या किटमध्ये नऊ रंग होते: राखी, गंजासारखा तांबूस, तीन तपकिरी, दोन शेवाळी, एक मळकट पिवळा आणि एक काळपट हिरवा. लड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या होत्या. कॅरलने लड्यांचे गुंडे करताना त्या काढून खणात टाकल्या. तिला रंग ओळखायला चिठ्ठी कधी लागली नव्हती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीच्या दाराशी बसून ती गळ्याचा गोल विणत होती. जीन फोन चार्जिंगला लावायला आली आणि तिथेच थांबली.

"मम्मा, व्हाय इज धिस ग्रीन?"

"कुठे?"

"हिअर. चार्टमध्ये ब्राऊन आहे. अँड देन हिअर, ब्राऊन इन्स्टेड ऑफ ग्रीन. होल बंच ऑफ लाइन्स."

कॅरलने स्वेटर उजेडात धरला. तिला सगळं एकसारखं मातकट दिसत होतं. तिने दोन गुंडे उचलले आणि जीनला विचारलं, "हे दोन वेगळे आहेत?"

जीनने आईकडे विचित्र नजरेने पाहिलं. "ऑफ कोर्स दे आर. वन इज रस्ट, वन इज लाइक… मॉस."

"हो, दिसतंय. उजेड कमी आहे," कॅरल म्हणाली आणि विणकाम पिशवीत टाकलं. दुपारचे अडीच वाजले होते. उन्हाने बाल्कनीची लादी पांढरीफटक पडली होती.

तिला कसली भीती वाटली, हे समजायला मे महिन्यात जावं लागेल. मेमध्ये ती एकटीच रजेवर वसईला गेली होती. मानेत एक गाठ आली होती, ती तिथे काढून तपासायला पाठवली. गाठीचा टीबी निघाला. डॉक्टरांनी नीट समजावलं, की हा छातीतला नाही, कोणाला लागत नाही, सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या, बरं होतं. पण कॅरलच्या कानात एकच शब्द राहिला. दर दोन वर्षांनी व्हिसाचं मेडिकल असायचं, त्यात छातीचा एक्स-रे. केनेथ, तिचा नवरा, मरीनातल्याच एका हॉटेलात बँक्वेटच्या वाढप्यांचा कॅप्टन होता, दिवसभर लोकांच्या ताटांपाशी. बायकोला टीबी आहे हे हॉटेलात कळलं तर? आणि व्हिसाच गेला तर जीनचं काय? तिने केनेथला फोनवर सांगितलं, "साधी गाठ होती, काढली. खलास." खरं माहीत होतं ते फक्त तिच्या मोठ्या बहिणीला, वेन्डीला.

गोळ्या तिने व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून आणल्या. सकाळी केनेथ अंघोळीला गेला की घ्यायची. गोळ्यांमुळे लघवी केशरी व्हायची, म्हणून ती दोनदा फ्लश करायची आणि मग बसून संडास घासायची. केनेथ हसून म्हणायचा, "तुला अलीकडे सफाईचं वेड लागलंय." ती पण हसायची. असे चार महिने गेले होते. मानेवरचा व्रण बुजला होता, वजन भरून आलं होतं. नोव्हेंबरात कोर्स संपणार होता, आणि मेडिकलही नोव्हेंबरातच होतं.

सोमवारी ऑफिसला जाताना मेट्रोच्या डब्यात दारावरच्या नकाशाकडे तिचं लक्ष गेलं. एक लाइन लाल, एक हिरवी. वर्षानुवर्षं तो नकाशा तिच्या डोळ्यांसमोर होता. आज दोन्ही रेघा तिला जुन्या विटेसारख्या दिसल्या. तिने एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. समोरची फिलिपिनो मुलगी तिच्याकडे बघायला लागली तेव्हा तिने हात खाली घेतला.

जेवणाच्या सुट्टीत तिने जिन्यात जाऊन वेन्डीला फोन लावला.

"ताई, माझी फाइल आहे ना तुझ्याकडे? डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर एक कागद दिला होता. वाच जरा."

"आता? मी चिंबोऱ्या साफ करतेय. हात धुऊन बघते." बराच वेळ कपाट उघडल्याचा, प्लास्टिकच्या पिशव्यांचा आवाज येत राहिला. "हां, मिळाला. रिकाम्या पोटी घ्याव्यात. लघवी केशरी झाल्यास घाबरू नये. भूक मंदावल्यास, डोळे पिवळे झाल्यास…"

"पुढे वाच."

"नजर अंधूक झाल्यास किंवा लाल-हिरवा रंग नीट न ओळखता आल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवावे." वेन्डी थांबली. "कॅरल, तुला असं होतंय का?"

कॅरलने जिन्याचं दार ओढून घेतलं.

"केनेथला सांग. आजच्या आज सांग."

"गोळ्या बंद केल्या तर ते परत येईल, ताई. आणि इथल्या डॉक्टरकडे गेले तर कुठेतरी लिहिलं जाईल. मग मेडिकलच्या वेळी काय?"

"आणि डोळे गेले तर कसलं मेडिकल करणार तू?"

त्या दिवशी तिने केनेथला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन ती वॉशबेसिनपाशी उभी राहायची. घ्याव्या तर भीती, न घ्याव्या तर भीती. पण रोज घेतल्या. संध्याकाळी तांबूस आणि शेवाळी गुंडे शेजारी शेजारी ठेवून ती बघत बसायची, आणि कधी कधी तिला वाटायचं की आज जरा फरक दिसतोय. मग जीनला काहीतरी निमित्ताने विचारायची आणि कळायचं, की तांबूस समजून तिने शेवाळी धरला होता.

गुरुवारी ऑफिसात एका पत्रावर सही घ्यायची होती. ते वाचायला घेतलं तर ती जिथे बघेल तिथलंच अक्षर पुसट होत होतं. बाजूची अक्षरं दिसत होती, मधलं नाही. तिने कागद तसाच साहेबांच्या टेबलावर ठेवला, तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि घरी आली.

केनेथची त्या दिवशी तुटक ड्यूटी होती. दुपारच्या फावल्या वेळात तो घरी येऊन संध्याकाळचा शर्ट इस्त्री करत होता.

"इतक्या लवकर?"

"केनेथ, इस्त्री बंद कर. मला बोलायचंय."

तिने सगळं सांगितलं. गाठ, गोळ्या, बाटली, संडास घासणं, स्वेटर, आजचं पत्र. केनेथने इस्त्री उभी करून ठेवली होती, पण बटण बंद केलं नव्हतं.

"मे महिन्यापासून," तो म्हणाला.

"हो."

"वेन्डीला माहीत होतं."

"हो."

"मी तुला शेंदूर फासलेला दगड वाटतो का?" आवाज चढला नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं. "मी काय केलं असतं? हॉटेलात जाऊन सांगितलं असतं? तुला वसईला पाठवून दिलं असतं?"

"मला भीती वाटली."

"मला पण वाटली असती. दोघांना वाटली असती." त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं. "आज गोळी घेतलीस?"

"सकाळी."

त्याने हॉटेलात फोन करून हिंदीत सांगितलं, की आज संध्याकाळच्या फंक्शनला येता येणार नाही, घरात इमर्जन्सी आहे. पलीकडचा माणूस काहीतरी बोलत राहिला. केनेथ म्हणाला, "सर, जो करना है कीजिए," आणि फोन ठेवला. वीस वर्षांत तो साहेबांशी असं कधी बोलला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टर शहनाझ लखनौच्या होत्या. त्यांनी रंगीत ठिपक्यांच्या पाट्या कॅरलसमोर धरल्या. ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायचा होता. पहिली पाटी वाचता आली, दुसरीत काहीच दिसलं नाही, तिसरीतही नाही. चौथ्या पाटीला कॅरलने अंदाजाने आकडा सांगितला, तेव्हा डॉक्टरांनी पाटी खाली ठेवली.

"अंदाज नका लावू," त्या हिंदीत म्हणाल्या. "इथे नापास झालात तरच मला कळणार. कोणती औषधं घेता?"

कॅरलने केनेथकडे पाहिलं. केनेथने मान हलवली. तिने बाटली पर्समधून काढून टेबलावर ठेवली आणि नावं सांगितली.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, आतून तपासलं, आणखी दोन तपासण्या केल्या. मग म्हणाल्या, की या गोळ्यांतल्या एका औषधाने डोळ्याच्या नसेवर परिणाम झालाय. ते एक औषध आजपासून बंद. टीबीचा उपचार मात्र सोडायचा नाही, बाकीच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतील. त्यांनी तिथल्या तिथे टीबीच्या डॉक्टरला फोन करून दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली.

"डोळे परत येतील?" केनेथने विचारलं.

"बहुतेकांचे येतात, वेळेवर आले तर. काहींचे पूर्ण येत नाहीत. आज मी खात्री देणार नाही." त्या कॅरलकडे वळल्या. "रंगांचं तुम्हाला कसं कळलं? लोक माझ्याकडे येतात ते वाचता येईनासं झाल्यावर."

कॅरलने स्वेटरबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "मुलीचे आभार माना," एवढंच म्हणाल्या.

निघताना कॅरलने विचारलंच, "हे व्हिसाच्या मेडिकलला कळेल का?"

"व्हिसाचं मला माहीत नाही. जे आहे ते मी लिहिलंय. तुम्हीही जे आहे तेच सांगा."

त्यानंतरचे दोन महिने कॅरलला आठवायला नको वाटतात. नजर आधी आणखी थोडी बिघडली, आणि त्या आठवड्यात तिला वाटलं की आता हे थांबणार नाही. फोनवर अनोळखी लँडलाइनचा नंबर आला की तो व्हिसाच्या ऑफिसातूनच असणार असं तिला वाटायचं. एकदा तो कुरिअरवाला निघाला, एकदा बँक. टीबीच्या डॉक्टरने आरोग्य खात्याला कळवलं होतं, हे तिला माहीत होतं. पुढे काय होणार, हे कोणी सांगत नव्हतं. केनेथच्या साहेबांनी त्याला एक वॉर्निंग लेटर दिलं. त्याने ते घरी आणून तिला दाखवलं. लपवायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, म्हणून.

जीनला सगळं सांगितल्यावर ती रडली नाही. तिने विणकामाची पिशवी रिकामी केली, किटमधल्या चिठ्ठ्या स्वयंपाकघरातल्या खणातून शोधून काढल्या आणि एकेक गुंड्याला सेफ्टी पिनने नंबर लावला. मग आईने चुकलेल्या आठ ओळी उसवल्या. हाताने रंगवलेली लोकर परत तशी मिळत नाही, म्हणून जीन उसवलेला धागा पाण्याच्या वाफेवर धरून सरळ करत होती आणि पुन्हा गुंडाळत होती.

"नेक्स्ट?" ती तक्त्यावर बोट ठेवून म्हणायची. "टू ऑफ नंबर फोर, वन ऑफ सेव्हन. पर्ल द सेव्हन."

कॅरल रंगाकडे न बघता सुलटा-उलटा टाका घालायची. बोटांना सगळं येत होतं. रविवारी दुपारी असे दोन-दोन तास जायचे. मायलेकी इतका वेळ एकत्र बसल्याला किती वर्षं झाली होती, ते दोघींनाही आठवेना.

नोव्हेंबरात मेडिकल झालं. एक्स-रेनंतर तिला पुन्हा बोलावलं, कागद मागितले, थुंकी तपासायला घेतली, आणखी एकदा बोलावलं. काउंटरवरच्या मुलीने तिची फाइल दोन वेळा चाळली. तपासणी स्वच्छ आली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात व्हिसा रिन्यू झाल्याचा मेसेज आला, आणि केनेथने तो मोठ्याने तीनदा वाचला.

रंग असे एका दिवसात आले नाहीत. डिसेंबरात एका सकाळी डाळीला फोडणी देताना तिला सुकी मिरची लाल दिसली, आणि मग तिला जाणवलं की किती दिवस ती तशी दिसत नव्हती. अक्षरं त्याच्याही आधी नीट झाली होती. तपकिरी आणि शेवाळी मात्र अंधुक उजेडात अजून एकमेकांत मिसळत होते.

जीन जानेवारीत गेली. पूर्ण झालेला स्वेटर तिने विमानात हातात घेतला, बॅगेत जागा असूनही.

मार्चमध्ये कॅरल पुन्हा डॉक्टर शहनाझकडे गेली. एकेक डोळा झाकून तिने ठिपक्यांच्या पाट्या वाचल्या; उजव्याने सगळ्या आल्या, डाव्याने दोन वाचता आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, की हे बहुधा असंच राहील, सहा महिन्यांनी या. खाली केनेथ गाडी चालू ठेवून थांबला होता.

"काय म्हणाल्या?"

सगळं छान आहे, असं म्हणणं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने सीट बेल्ट लावला.

"उजवा ठीक आहे. डावा पूर्ण नाही आलेला. बहुतेक येणारही नाही."

केनेथने मान हलवली. "बरं," तो म्हणाला, आणि मागची गाडी हॉर्न देईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.