कापलेला अभिप्राय

जालन्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. घरी बसून स्वतःच्या हिमतीवर चित्रं काढणाऱ्या आणि छोटे गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींचा एक ग्रुप इंटरनेटवर आहे, त्यात मी बरीच वर्षं आहे. लोक आपलं काम तिथे टाकतात आणि बाकीचे बघून मत देतात. बहुतेक जण ‘मस्त’, ‘भारी’ लिहून पुढे जातात. मला ते जमत नाही. मी काम नीट बघते आणि काय आवडलं, कुठे अडखळले, ते सविस्तर लिहिते. काहींना माझं लिहिणं आवडतं, काही जण माझ्या वाटेलाच जात नाहीत.

एकदा तिथे मेंढरांचा एक गेम आला. बनवणारी मुलगी भोकरदनकडची होती, एवढंच तिच्या पानावरून कळत होतं. गेममध्ये एक लहान मुलगी कळप घेऊन माळावरून निघते आणि अंधार पडायच्या आत तिने मुक्कामाच्या तळावर पोचायचं असतं. वाटेत ओढा, काटेरी कुंपणं, कुणाच्या तरी उभ्या पिकात घुसणारी मेंढरं. चित्रं साधी होती, पण माळाचा तो करडा पिवळा रंग इतका खरा होता की मी स्क्रीन जवळ घेऊन बघत बसले. अडचण एकच होती. एक कोकरू जरी मागे राहिलं तरी स्क्रीन काळी व्हायची आणि सगळा खेळ पुन्हा पहिल्यापासून.

मी मोठा अभिप्राय लिहिला. रंगांबद्दल, मेंढरांच्या चालण्याबद्दल, वाऱ्याच्या आवाजाबद्दल. शेवटी लिहिलं, ‘कोकरू हरवल्यावर सगळं पहिल्यापासून सुरू झालं की मला चीड येते. त्या क्षणी मला त्या मुलीचं वाईट वाटायला हवं होतं. असं का केलंय ते समजून घ्यायला आवडेल.’

पुढच्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला मोबाईल दाखवला. गेमवर बोलणाऱ्या कुणा माणसाचा व्हिडिओ होता. त्याला बघणारे भरपूर. त्याने तो मेंढरांचा गेम खेळत खेळत त्याची टिंगल केली होती आणि मध्येच मोठ्या अक्षरात माझं वाक्य लावलं होतं: ‘मला चीड येते.’ खाली लिहिलं होतं, चित्रकलेच्या बाईंचं मत. बाकीचं सगळं कापलेलं.

व्हिडिओखालच्या कमेंट मी वाचायला घेतल्या. गेमबद्दल फार थोडं होतं. ‘मेंढरंच वळ’, ‘तुझं काम ते नाही’, असं आणि त्याहून वाईट. मेंढरांचा गेम म्हणजे मुलगी मेंढपाळांचीच, असं धरून तिच्या घराण्यावर, तिच्या जातीवर. आणि त्या सगळ्याच्या वर माझं वाक्य.

मी त्या माणसाला लिहिलं की पूर्ण अभिप्राय दाखवा, नाहीतर माझं वाक्य काढा. त्याचं उत्तर आलं, ‘मॅडम, शब्द तुमचेच आहेत ना?’ मग मी माझा सगळा अभिप्राय त्याच्या व्हिडिओखाली टाकला. थोड्या वेळाने पाहिलं तर तो उडवलेला. पुन्हा टाकला, पुन्हा उडवला. तिसऱ्या वेळी मला तिथे काही लिहिताच येईना.

तोवर गेम बनवणाऱ्या मुलीचं पान बंद झालं होतं. गेमही गेला होता. ग्रुपमध्ये ती अजून होती, म्हणून तिथून मी तिला निरोप पाठवला, काय घडलं ते लिहिलं. तिने तो वाचल्याची खूण दिसली. उत्तर नाही. मी वर्गात मुलांना फळ्यावर घागर काढून दाखवत होते आणि लक्ष पर्समधल्या मोबाईलकडे होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

“चित्रकलेच्या मॅडम तुम्हीच का?” पुरुषाचा आवाज होता, राग आवरून धरलेला.

“हो. आपण?”

“मी तिचा मोठा भाऊ. गेमवालीचा. तुमचा नंबर ग्रुपवाल्यांकडून घेतला. माझी बहीण कालपासून जेवून न्हाई राह्यली. क्लासला जाऊन न्हाई राह्यली. तुम्हाला चीड कशाची आली ते सांगा मला.”

स्टाफरूममध्ये सगळे डबे खात होते. मी उठून व्हरांड्यात आले. म्हटलं, “मी लिहिलेलं सगळं तुम्हाला वाचून दाखवू का? मध्ये एक शब्द गाळणार नाही.”

“वाचा.”

मी वाचलं. पलीकडून कुठल्यातरी यंत्राची घरघर येत होती.

“मंग हे तर चांगलं लिहिलंय,” तो म्हणाला. राग उतरला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा हे त्याला कळत नसावं. “आमच्यापर्यंत तो व्हिडिओच आल्ता. असं करा मॅडम, तुम्ही इकडं या. हे तिच्या तोंडावर सांगा. मी सांगून उपयोग न्हाई.”

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, “अनोळखी लोकांकडे जाऊन कशाला वाद ओढवून घेतेस? फोनवर बोल.” मलाही भीती होतीच. पण जिथे माझं वाक्य लावून त्या मुलीला दुखावलं होतं, तिथे फोन पुरणार नव्हता. रविवारी मी भोकरदनची एसटी धरली. वाटेतलं राजूर गेल्यावर तर वाटत होतं, परतीची बस मिळाली तर इथूनच फिरावं.

भाऊ स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. गावाच्या कडेला त्यांचं दोन खोल्यांचं घर. आईने पाणी दिलं आणि आत गेली. मुलगी खाटेवर बसली होती, विशीतली. मोबाईल पालथा ठेवलेला. तिने नमस्कार केला, पण नजर वर उचलली नाही.

मी सांगायला लागले तसं तिने मला थांबवलं.

“मॅडम, मी तुमचं पूर्ण वाचल्तं. व्हिडिओच्या आधीच. त्या लोकांचं मला माहीत आहे, ते आम्हाला काहीबी म्हणतात. त्याचा त्रास झालाच, पण चिडले होते मी तुमच्यावर.”

“माझ्यावर?”

“तुम्हाला कळलं नाही म्हणून.” आता तिने वर बघितलं. “लहानपणी माझ्या हातून एक कोकरू मागं राह्यलं होतं. वडलांनी मारलं नाही. काही बोललेच नाहीत. सगळा कळप फिरवला आणि जिथून निघालो तिथवर परत चालत नेला. मी मागं, ते पुढं. खेळणाऱ्यालाबी चीड यायलाच पाहिजे ना. मला आली होती.”

दारात उभा असलेला भाऊ खाली बघत होता. हे त्याला तरी माहीत होतं का, कोण जाणे.

मला कबूल करणं सोपं होतं. ‘असं असेल तर तुझं बरोबर’ म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, “मग हे गेममध्ये कुठंय? मला फक्त काळी स्क्रीन दिसली. वडील दिसले नाहीत, परतीची वाट दिसली नाही.”

तिचे ओठ घट्ट मिटले. मला वाटलं, आता ती उठून जाणार. भावानेही चमकून माझ्याकडे पाहिलं.

ती उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. “खेळून दाखवा,” म्हणाली. “मी काही बोलणार नाही.”

मी खेळले. ती बाजूला बसून माझ्या हातांकडे बघत होती. ओढ्यापाशी मी चुकले, कोकरू राहिलं, स्क्रीन काळी झाली आणि माझा हात आपोआप लॅपटॉप मिटायला गेला. तिने ते पाहिलं. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. तिने शब्द पाळला, एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी मीच थांबले.

“तुम्ही बंदच करायला निघाल्ता,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“मी तर तेव्हा बंद करू शकत नव्हते.” मग आतून आईने हाक मारली, जेवायला वाढलंय म्हणून. आम्ही भाकरी आणि पिठलं खाल्लं. तीही जेवली.

पावसाळा संपता संपता तिने गेम पुन्हा टाकला. आता कोकरू हरवलं की स्क्रीन काळी होत नाही. पुढे पाठमोरा एक माणूस चालायला लागतो आणि मुलीला त्याच्यामागे सगळी वाट उलटी चालावी लागते. तेवढ्या वेळात खेळणाऱ्याला काहीच करता येत नाही, फक्त चालायचं. काहींनी लिहिलं की हा भाग कंटाळवाणा आहे. घाण लिहिणारेही आले, पण या वेळी ग्रुपमधल्या लोकांनी त्यांना तिथल्या तिथे रोखलं. व्हिडिओवाल्याने त्याचा व्हिडिओ काढला नाही. तो अजूनही तिथे आहे, माझ्या वाक्यासकट.

हल्ली ती नवं काही केलं की जगाला दाखवण्याआधी मला पाठवते. आमचं बहुतेक वेळा पटत नाही. गेल्या महिन्यात तिने एका बाजाराचं चित्र पाठवलं. मी लिहिलं, गर्दी छान आहे, पण सगळे चेहरे एकाच दिशेला का बघतात? तिचं उत्तर संध्याकाळी आलं: ‘विचार करते. बदलेनच असं नाही.’