बहात्तरची पोरं

ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला, त्याच वर्षी माझी पहिली नेमणूक जळकोटच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत झाली. मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन होते. दरमहा पगार येणार म्हणजे येणारच, त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव माणसं परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी कशाबशा गिळत होती, तेव्हाही आमच्या चुलीवर डाळ शिजत होती. त्याचं मला काही विशेष वाटत नसे. मला पाढे चटकन पाठ होत, कारण मी हुशार, असा माझा साधा हिशोब होता.

माझ्याकडे चौथीचा वर्ग आला. त्यात एक मुलगी होती. अंगानं दुसरीतल्या पोरींएवढी, केस पिंगट, बसली की भिंतीला टेकणारी. संध्याकाळी शाळा सुटताना सातचा पाढा माझ्यासमोर म्हणून दाखवायची आणि सकाळी आली की सात त्रिकं एकवीसच्या पुढं गाडी हलायची नाही. रोज तेच. मी उभं केलं, कान धरला, शंभरदा लिहायला लावलं. एकदा छडीही मारली. ती रडली नाही, नुसती हाताकडं बघत राहिली, त्याचा मला आणखीच राग आला.

मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कशाला डोकं पिकवून घेताव? बहात्तरची पोरं हायती ही. ह्यांच्यात काय न्हाई."

गावात सगळेच असं बोलत. वाण्याकडं किडकी तूर निघाली की ज्या सुरात बोलतात, त्या सुरात. मला संताप यायचा. दहा वर्षांच्या लेकरांवर असा शिक्का मारून मोकळं व्हायचं म्हणजे काय? ही आळशी माणसांची सबब आहे, असं ठरवून मी तडक त्या मुलीचं घर गाठलं.

आई जात्यावर बसली होती. मी तक्रार सुरू केली, घरी अभ्यास घेत नाही, लक्ष देत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दळण थांबवलं.

"बाई, ही पोटात व्हती तवा मी सडकंवर खडी फोडत व्हते. बाळंत झाले तर अंगावर दूध कुठलं? ज्वारीच्या पिठाचं पाणी पाजलं. दीड वर्साची झाली तरी बसंना. धाकटी हिच्यामागून पाच वर्सानं झाली. तवा पिकलं व्हतं, घरात शेळी व्हती. तिला इचारा पाढा."

धाकटी दारातच उभी होती. अजून शाळेत नाव नव्हतं, पण थोरलीचं ऐकून ऐकून तिनं सातचा पाढा सत्तरपर्यंत धडाधड म्हणून टाकला. थोरली खाली मान घालून ऐकत होती.

"हिच्या कपाळावर सटवाईनं कायच लिवलं न्हाई," आई म्हणाली.

"सटवाईचं काय घेऊन बसलात!" मी ओरडलेच. आणि चपला घालून तिथून निघाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मेंदू वाढतो तो आईच्या पोटात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत. नेमकं तेव्हाच तिला खायला मिळालं नाही. आता खाऊ घाला, फायदा होईल. सगळं भरून येईल असं मात्र मी सांगणार नाही."

मी परतले ती स्वतःवरच चिडून. माझी हुशारी म्हणजे वडिलांचा पगार आणि आईच्या हातचं वरण होतं तर! आणि मी छडी घेऊन कुणाला शिकवत होते?

दुसऱ्या दिवसापासून मी तिला सकाळी उकडलेलं अंडं आणि मूठभर शेंगदाणे द्यायला लागले. आठवड्यात निम्मा वर्ग माझ्या टेबलाभोवती जमायला लागला. मुख्याध्यापक वैतागले, "शाळा हाय का खानावळ?" मी म्हटलं, "मग तुम्ही शेंगा आणा, मी भाजते." आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी अर्धं पोतं शेंगा आणून कोपऱ्यात टाकल्या, तेही न बोलता.

मग तपासणीला साहेब आले. त्यांनी नेमकं तिलाच उठवलं. "आपला जिल्हा कोणता?"

आमची पोरं लहानपणापासून उस्मानाबाद घोकत आलेली. महिनाभर मी लातूर लातूर करून घसा बसवला होता. ती उभी राहिली, ओठ हलले, पण शब्द आला नाही. साहेब माझ्याकडं वळले, "काय शिकवता बाई?"

"साहेब, तिला वेळ द्या," मी म्हटलं. ते दुसरीकडं वळलेसुद्धा. शेरा पडायचा तो पडला.

ती चौथीत एकदा नापास झाली. पाठांतराचा नाद मी सोडून दिला. चिंचोक्यांचे सात-सातचे ढीग करून तिला मोजायला लावलं. विसरली तरी पुन्हा मांडून उत्तर काढायची. कशीबशी सातवी झाली आणि घरच्यांनी लगेच लग्न लावून दिलं. त्यावरूनही मी भांडले, काही उपयोग झाला नाही.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. मी बघायला गेले तर तिची आई सांगत होती, "पयलं दूध जड असतंय, पिळून टाकावं लागतंय. दोन दिस मध चाटवू."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून ती म्हणाली, "म्या पाजलं. तू पाण्याला गेली व्हतीस तवा."

"कुणी शिकवलं हे? बाईनं?" आईनं माझ्याकडं रोखून बघितलं.

"न्हाई. नर्सबाईनं. एकदाच सांगितलं व्हतं."

आई फणफणत चुलीकडं गेली. बाळंतिणीसाठी तिथं भात शिजत होता आणि त्यावर घालायला वरणावरचं नुसतं पाणी काढून ठेवलं होतं. डाळ बाधते, भाजी वातूळ, अंडं तर नावालाही नको. मी तिथंच पाटावर बसले आणि भांडायला सुरुवात केली. दिवेलागण झाली तरी आमचं एकमत होईना. शेवटी वरणावरचं नुसतं पाणी नको, दाट वरणच वाढायचं, एवढ्यावर तडजोड झाली.